खांबातलं भोक

लाकडी खांबाला आरपार भोक पाडायचं आणि त्यातून आडवी दांडी ओवायची. कुंपणाची याहून साधी रचना सापडणं कठीण. कोकणात जुन्या घरांच्या आवाराला ‘बेडं’ असतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. दोन बाजूंना भोकं असलेले दोन खांब आणि त्यांत सरकवलेले आडवे बांबू. गुरं आत येत नाहीत, पण माणसाने बांबू सरकवले की वाट मोकळी.

अमेरिकेच्या पूर्व भागात, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत, याच तत्त्वावर शेतंच्या शेतं बंदिस्त झाली. तिथे खांबाला एकाखाली एक दोन-तीन भोकं पाडायची, मधलं लाकूड पटाशीने काढून उभी खाच करायची आणि तासून निमुळती केलेली दांड्यांची टोकं त्यात बसवायची. खिळा लागत नाही. पावसात लाकूड फुगलं, उन्हात आकसलं तरी सांधा फुटत नाही. एक दांडी कुजली तर तेवढीच बदलायची.

मग हे कुंपण मागे का पडलं? त्याचं उत्तर भोकाच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात १८७४ या एकाच वर्षी एक विलक्षण योगायोग घडला.

मधोमध का?

आधी थोडं गणित. समजा १५० मिलिमीटर रुंदीचा चौकोनी खांब आहे आणि त्यात साधारण ६३ मिलिमीटरचं भोक पाडलं. म्हणजे त्या जागी खांबाची ४२ टक्के रुंदी गेली. वाटतं, खांब निम्मा कमजोर झाला. पण बैल कुंपणाला धडक देतो तेव्हा खांब वाकतो. वाकताना धडकेच्या बाजूचं लाकूड ताणलं जातं, पलीकडचं दाबलं जातं आणि मधल्या लाकडावर जवळजवळ ताण येत नाही. त्यामुळे भोक बरोबर मध्यावर असेल तर वाकण्याला होणारा विरोध जेमतेम ८ टक्क्यांनी घटतो. भोक बाजूला सरकलं, तर मात्र ते ताण सोसणारं लाकूडच खातं आणि खांब खरोखर कमजोर होतो.

म्हणजे भोक मोठं असण्याला फारशी हरकत नाही. ते वाकडं असण्याला आहे. मोठं भोक हाताने सरळ पाडणं हीच तर खरी अडचण होती.

गिरमिटाची गोष्ट

लाकडात भोक पाडणाऱ्या हत्याराला तीन कामं एकदम करावी लागतात: लाकूड कापायचं, भुसा बाहेर काढायचा आणि दिशा सोडायची नाही. फार जुन्या काळापासून चमच्यासारखं पातं वापरात होतं. ते कापायचं, पण भुसा आतच साठायचा. थोडं फिरवा, बाहेर काढा, झटका, परत घाला.

फिरवण्याची पद्धतही सुधारत गेली. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात १४३० च्या आसपासचं, रॉबर्ट कँपिनच्या कार्यशाळेतलं एक तीन फळ्यांचं चित्र आहे. त्याच्या उजव्या फळीवर सुतार जोसेफ एका पाटाला भोकं पाडत बसलाय आणि त्याच्या हातात वाकड्या दांड्याचं गिरमिट आहे. एका हाताने वरून दाब द्यायचा, दुसऱ्या हाताने दांडा गोल फिरवायचा. यामुळे फिरणं अखंड झालं.

भुशाचा प्रश्न सुटला तो पिळदार पात्याने. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतलं कनेटिकट राज्य या पात्यांचं मोठं केंद्र बनलं. तिथल्या रसेल जेनिंग्जने १८५५ मध्ये पेटंट घेतलेलं पातं पुढे सुतारांच्या पेटीत कायमचं जाऊन बसलं. पिळातून भुसा आपोआप वर येतो. टोकाला बारीक स्क्रू असतो, तो लाकडात शिरतो आणि पात्याला पुढे ओढतो, त्यामुळे माणसाचा जोर कमी लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॅन्सम कुकने तर लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे निरखून, त्यावर बेतलेल्या पात्याचं १८५१ मध्ये पेटंट घेतलं होतं.

पण टोकाचा स्क्रू हा जितका मदतनीस तितकाच हट्टी. वाटेत गाठ आली की तो कडेच्या मऊ लाकडाकडे वळतो आणि अख्खं भोक त्याच्यामागे तिरकं जातं. फळीच्या टोकाशी काम असेल तर लाकूड चिरतो.

ऑरेगन राज्यातल्या सेलम गावी बेंजामिन फॉर्स्टनर नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता. बंदुकीच्या लाकडी दस्त्यात लोखंडी भाग चपखल बसवायला सपाट तळाचे, नेमक्या जागेचे खड्डे लागतात. तिथे स्क्रूचं टोक कामाचं नाही. फॉर्स्टनरने विचार उलटा केला: पात्याला मध्याने दिशा द्यायची गरजच काय? त्याने पात्याच्या कडेला धारदार गोल रिंग दिली. आता दिशा देणारा मध्य नव्हता, परीघ होता. हे पातं गाठीवरून सरळ जातं, तिरकं धरलं तरी चालतं, अर्धं भोक लाकडाच्या बाहेर असलं तरी सरकत नाही. २२ सप्टेंबर १८७४ रोजी त्याला पेटंट मिळालं.

म्हणजे खांबाला नेमकं, स्वच्छ, सरळ भोक पाडायची युक्ती हाती आली. आणि बरोबर नऊ आठवड्यांनी, २४ नोव्हेंबर १८७४ रोजी, त्याच पेटंट कचेरीने इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट दिलं.

सहा हजार भोकं

तार का हवी होती, याचा हिशोब करून पाहू. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. एवढा चौकोनी तुकडा म्हणजे अर्धा मैल गुणिले अर्धा मैल. कुंपण लागणार दोन मैल, म्हणजे १०,५६० फूट. दर दहा फुटांवर एक खांब धरला तर १,०५६ खांब. प्रत्येकात तीन दांड्या, प्रत्येक दांडीच्या खाचेला किमान दोन भोकं. एकूण ६,३३६ भोकं, तीही हाताने फिरवून. वर तीन हजारांहून जास्त दांड्या.

पूर्वेला जंगल होतं. तिथे काहीजण खांबच टाळून, दांड्या एकमेकींवर नागमोडी रचून कुंपण करत. त्याला भोक लागत नाही, पण लाकूड आणि जमीन दोन्ही भरमसाट लागतात. पश्चिमेच्या गवताळ प्रदेशात झाडंच विरळ. १८७१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशभरातल्या कुंपणांची पाहणी केली, तेव्हा त्यांची किंमत सुमारे १ अब्ज ७० कोटी डॉलर भरली. कुंपण ही शेतातली किरकोळ बाब नव्हती. शेतकऱ्याची मोठी पुंजी त्यात अडकलेली होती.

१८७३ मध्ये इलिनॉयच्या डीकाल्ब इथल्या जत्रेत हेन्री रोज नावाच्या माणसाने तारेला टांगायची एक लाकडी पट्टी मांडली होती. तिला खिळे ठोकलेले होते. ग्लिडनने ती पाहिली आणि काटे थेट तारेवरच बसवले. काटे वळवायला त्याने घरातलं कॉफी दळायचं हातयंत्र वापरलं आणि ते सरकू नयेत म्हणून दुसरी तार पिळून घातली. ही तार खांबाला लावायला यू आकाराचा खिळा आणि हातोडी पुरते. भोक नको, पटाशी नको, दांडी नको. १८७४ मध्ये काटेरी तारेचं उत्पादन १०,००० पौंड होतं. १८८० मध्ये ते ८ कोटी पौंडांवर गेलं.

श्रम संपले तेव्हा

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एखाद्या कामातले कष्ट कमी झाले की तेच काम तेवढंच, फक्त सोपं होऊन राहत नाही. ते किती करायचं, हेही बदलतं. आपण ॲप बनवतो तेव्हा एक क्लिक वाचवली की लोक तीच गोष्ट कितीतरी जास्त वेळा करू लागतात. कुंपणाचंही तेच झालं. ती सहा हजार भोकं म्हणजे नुसती कटकट नव्हती. एका माणसाने किती जमीन अडवावी, यावरचा तो न लिहिलेला चाप होता. लाकडाची टंचाई हा दुसरा. तारेने दोन्ही चाप एकदम सैल केले.

मग शेतकऱ्याने पीक राखलं, हे खरंच. पण बड्या गुरंमालकांनी हजारो एकर कुरणं वेढली, त्यात सरकारी जमीन आणि पाणवठेही आले. १८८३ च्या दुष्काळात टेक्सासमध्ये लोक रात्री पक्कड घेऊन तारा कापत फिरू लागले, गोळीबार झाले, माणसं मेली. १८८४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने तार कापणं हा गंभीर गुन्हा ठरवला. त्याच दशकातल्या हिमवादळांत, वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेकडे निघालेली गुरं तारेशी अडली आणि तिथेच गोठून मेली. ज्या मूळ रहिवाशांची ती भूमी होती, त्यांच्या शिकारीच्या वाटा तर आधीच तुटत होत्या. तारेला ‘सैतानाची दोरी’ हे नाव पडलं ते उगीच नाही.

भोक परत आलं

आज काटेरी तार आपल्याकडच्या बांधांवरही आहे. पण घोडे पाळणारे तिला टाळतात. बिथरलेल्या घोड्याला बारीक तार दिसत नाही आणि काटा कातडी फाडतो. म्हणून कुठे कुठे जुनी रचना परत दिसते, फक्त लाकडी दांडीच्या जागी लोखंडी पाइप. टेक्सासमध्ये तेलविहिरींतले वापरून झालेले पाइपही कुंपणाला लावतात.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. ‘दोन इंची’ पाइप बाहेरून दोन इंच नसतो, तो ६०.३ मिलिमीटर म्हणजे जवळपास २.३८ इंच भरतो. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातही तसंच. पाइपचं नाव त्यातून काय वाहतं यावरून, आतल्या मापावरून पडलं. कुंपणाला मात्र बाहेरचं माप लागतं, म्हणून भोक अडीच इंचाचं. फॉर्स्टनरचं पातं इथे सरळ जातं, पण त्याला भुसा वर आणणारा पीळ नाही. सहा इंच खोल जायचं तर ते सारखं बाहेर काढून भुसा झटकावा लागतो, नाहीतर पातं तापून लाकूड करपतं. एकाच बाजूने आरपार गेलं तर मागची बाजू फुटते. त्यामुळे मध्याची खूण दोन्हीकडे करून, दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये भेटायचं.

मशीन असूनही एका खांबाला वेळ लागतोच. मात्र वाट हवी असेल तेव्हा या कुंपणातली दांडी, बेड्यातल्या बांबूसारखी, सरकवून काढता येते. १८८३ मध्ये टेक्सासच्या लोकांकडे पक्कड सोडून दुसरा उपाय नव्हता.