चार फोटो : जैनथच्या जत्रेपासून एस्सेलवर्ल्डपर्यंत



दिवाळीत भीमपूरच्या घरी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. आत शेतसाऱ्याच्या पावत्या, बाबांची हिशेबाची वही आणि बिस्किटाच्या एका डब्यात जुने फोटो निघाले. पुतण्याने ते सगळे मोबाईलवर घेतले आणि म्हणाला, "काका, कोणाचा कोणता फोटो ते लिहून ठेवा. तुमच्यानंतर आम्हाला काही समजणार नाही." बोलणं जरा कडू होतं, पण खरं होतं. म्हणून लिहायला बसलो. चारच फोटो घेतो. चारही फोटो मौजमजेच्या जागांचे आहेत, आणि त्यातली एक जागा आता बंद झाली आहे.

फोटो पहिला. जैनथची जत्रा, १९५७.

फोटोत विमान दिसतंय ना, ते कापडावर रंगवलेलं आहे. खिडकीच्या जागी भोकं आहेत, त्यातून बाबांचं आणि माझं तोंड बाहेर आलंय. मी सहा वर्षांचा. जैनथ म्हणजे लक्ष्मी-नारायणाचं देऊळ, काळ्या दगडाचं, आदिलाबादेपासून जवळच. तिथे कार्तिकात जत्रा भरते. आम्ही भीमपूरहून बैलगाडीने, वाटेत एक मुक्काम करून गेलो होतो. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून आंध्र प्रदेशात जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. किनवटकडचे सोयरे महाराष्ट्राच्या बाजूला गेले, आपण इकडे राहिलो. गावातली म्हातारी माणसं मात्र अजून एदलाबाद म्हणत आणि पैसे आण्यातच मोजत.

जत्रेत रहाटपाळणा होता. पूर्ण लाकडी, चार पाळण्यांचा. दोन दणकट माणसं हाताने ओढून तो फिरवत. विहिरीवरचा रहाट आणि हा पाळणा, कल्पना एकच. बँकेत असताना मला वाटायचं, हे चाक आपण इंग्रजांकडून घेतलं असावं. पुढे वाचनात आलं की पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० साली तुर्की सुलतानाच्या मुलखात असेच हाताने फिरवायचे लाकडी पाळणे पाहून त्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. अमेरिकेतल्या फेरिस साहेबाने शिकागोच्या प्रदर्शनात २६४ फूट उंच लोखंडी चाक उभं केलं ते १८९३ साली. त्याला ३६ डबे होते, एकेका डब्यात ६० माणसं बसत. ते चाक १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं आणि भंगारात विकलं. आमचा चार पाळण्यांचा रहाट मात्र गाडीवर लादून पुढच्या जत्रेला जात राहिला. हे लक्षात ठेवा, पुढे याचा हिशेब करणार आहे.

मला त्या पाळण्यात बसायचं होतं. कार्तिक महिना, कापूस वेचून घरात आलेला, पण विकलेला नव्हता. बाबांच्या खिशात मोजकेच पैसे. आजीने निघताना बजावलं होतं की पोराचा एक फोटो काढून आणजो. फोटोवाल्याचे पैसे दिले आणि पाळण्यापुरते उरले नाहीत. मी भोकाड पसरलं. फोटोत माझे डोळे सुजलेले दिसतात ते त्यामुळेच. बाबा म्हणाले होते, "पाळणा उतरला का सरला. फोटो राह्यते." हे वाक्य मला आठवत नाही. मायने पुढे अनेकदा सांगितलं, म्हणून ठाऊक आहे.

फोटो दुसरा. हैदराबादची नुमाईश, जानेवारी १९७१.

बी. कॉम.चं शेवटचं वर्ष. आम्ही पाच मराठी पोरं, सगळी या सीमेवरच्या गावांतली. नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी १ जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत हे प्रदर्शन भरतं. आमच्या पिढीच्या कितीतरी लोकांनी पहिला विजेचा मोठा पाळणा आणि पहिला 'मौत का कुआँ' इथेच पाहिला. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवरून फटफटी फिरायची आणि वर उभ्या असलेल्या आमच्या पायाखालच्या फळ्या थरथरायच्या. काश्मिरी शालींपासून लखनौच्या कुर्त्यांपर्यंत सगळं तिथे मिळायचं. आम्ही मात्र भाव विचारून पुढे सरकायचो.

नुमाईशीची सुरुवात मला नेहमी आवडते, कारण ती पैशाच्या अडचणीतून झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या काही पदवीधरांना संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती. पैसा नव्हता, म्हणून १९३८ मध्ये त्यांनी पब्लिक गार्डनमध्ये देशी मालाचं प्रदर्शन भरवलं. त्याचं उद्‌घाटन निजामांनी केलं. १९४६ पासून ते नामपल्लीला आलं. १९४७ आणि १९४८ अशी दोन वर्षं भरलं नाही, आणि १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते पुन्हा सुरू झालं. आज त्याच्या उत्पन्नातून शाळा-कॉलेजं चालतात. २०१९ च्या जानेवारीत आगीत कितीतरी दुकानं जळाली, २०२१ मध्ये करोनाने खंड पडला, तरी पुन्हा भरतंच आहे.

या फोटोत उजवीकडून दुसरा मी. बाकी चौघांपैकी दोघे आता नाहीत.

फोटो तिसरा. मार्वे जेट्टी, मुंबई, मे १९९२.

माझी मुंबईला बदली झाली होती. उन्हाळ्यात शेत मोकळं म्हणून माय-बाबांना बोलावलं. ते बसने नागपूर, तिथून विदर्भ एक्स्प्रेसने आले. सोबत मिरच्या, तुरीची डाळ आणि जवसाची चटणी. मुलांचा मात्र एकच धोशा, एस्सेलवर्ल्ड. दूरदर्शनवर ती जाहिरात लागली की घरात सगळे गाणं म्हणायला लागत. चाळिशीच्या आतबाहेर असलेल्यांना सांगायला नको, तुमच्या डोक्यात आताच वाजलं असेल.

एस्सेलवर्ल्ड सुरू झालं १९८९ मध्ये, गोराईला. मालक सुभाष चंद्रा. धान्याच्या व्यापारातलं घराणं, पुढे टूथपेस्टच्या ट्यूब बनवण्याचा कारखाना काढला आणि त्यानंतर हे उद्यान. आम्ही गेलो त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचाच झी टीव्ही सुरू झाला. त्याआधी दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर उघडलं होतं, एशियाडच्या हत्तीच्या नावाचं. पण आपल्या मराठी घरांच्या आवाक्यात आलेलं असं पहिलं मोठं उद्यान म्हणजे एस्सेलवर्ल्डच.

मार्वेहून बोटीने जायचं. फोटोत बाबा धोतर-टोपीत, काठी घट्ट धरून, आणि मागे ती बोट. आयुष्यभर पैनगंगा डोंग्यातून ओलांडून यवतमाळकडच्या सोयऱ्यांकडे जाणारा माणूस. बोटीत बसल्यावर खाडीकडे बघून म्हणाले, "पाणी तं लय हाय, पण पेता येत नाही." शेजारचे लोक हसले.

फोटो चौथा. एस्सेलवर्ल्ड, त्याच दिवशी.

हा फोटो नीट आलेला नाही. हलला आहे. एका हेलिकॉप्टरचं शेपूट दिसतं आणि धोतराचा एक सोगा. छत्तीस फोटोंच्या रोलमधला सगळ्यात वाईट फोटो म्हणून बायको फेकून देणार होती.

झालं असं. आत गेल्यावर बाबांनी एक बाकडं धरलं आणि सगळ्यांच्या चपला, पिशव्या, पाण्याची बाटली घेऊन तिथेच बसले. मुलं एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्यांत गेली, रोलर कोस्टरला गेली, ओरडत परत आली. बाबा चपला सांभाळत होते. आमच्या सौंनी दोनदा म्हटलं, "मामाजी, तुम्ही पण बसा की एखाद्यात." ते मान हलवायचे.

इथे एक गोष्ट सांगतो. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घोड्यांच्या चक्रावर नेत असे. मुली चक्रात आणि तो बाहेर बाकावर शेंगदाणे खात. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, आईबाप आणि मुलं एकत्र मजा करतील अशी जागा का असू नये? त्यातून १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. डिस्नेलँडची कल्पना त्या बाकावरून निघाली, आणि तरी प्रत्येक उद्यानात एक आजोबा बाकावर चपला घेऊन बसलेले असतातच.

दुपारी धाकट्याने हट्ट धरला. गोल फिरणारी छोटी हेलिकॉप्टरं होती, दांडा ओढला की वर जायची. त्याला आजोबांबरोबरच बसायचं होतं. बाबांनी आधी मला विचारलं, "याचे किती घेतात?" मी म्हटलं, "वेगळे पैसे नाहीत, तिकिटातच आलं." ते दोन मिनिटं गप्प बसले. मग काठी माझ्याकडे दिली, धोतराचा सोगा खोचला आणि नातवाचा हात धरून गेले. तिथल्या पोराने त्यांना नीट बसवलं. यंत्र सुरू झालं, धोतराचा सोगा सुटला. मी घाईघाईत फोटो काढला, तो हा.

उतरल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. टोपी नीट केली आणि खाली बघत म्हणाले, "त्या साली जैनथले तुले पाळण्यात बसवलं नोतं म्या."

मी ते विसरून गेलो होतो. माझ्या लेखी ते खातं कधीच बंद झालं होतं. त्यांनी मात्र पस्तीस वर्षं बाकी ओढत आणली होती. काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, "बाबा, फोटो तं राहिला ना." ते हसले आणि चपला मोजायला लागले.

बाबा १९९८ मध्ये गेले. त्याच वर्षी एस्सेलवर्ल्डशेजारी वॉटर किंगडम सुरू झालं. पुढच्या मुलांच्या तोंडी झायक्लोन, हूला लूप, शॉट अँड ड्रॉप अशी नावं आली. २००९ मध्ये जवळच विपश्यनेचा मोठा पॅगोडा उभा राहिला, त्याची जमीनही त्याच घराण्याने दिलेली. २०१३ मध्ये खोपोलीला इमॅजिका आलं. मग करोना आला, आणि २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याचं वाचलं. दिल्लीचं अप्पू घर तर २००८ मध्येच गेलं होतं.

आता कबूल केलेला हिशेब. बंद होण्यामागची आतली कारणं मालक जाणोत. मी फक्त कर्जाची फाईल तपासणाऱ्याच्या नजरेने बघतो. असं उद्यान म्हणजे मोठं भांडवल एकाच जागी रुतलेलं. गर्दी सुट्टीच्या दिवशी, पण पगार, वीज आणि देखभाल वर्षभर. चार महिने पाऊस, वर समुद्राची खारी हवा लोखंडाला खाते. मुलांना दर दोन-चार वर्षांनी नवं यंत्र पाहिजे आणि जुन्याचा घसारा चालूच. जत्रेतल्या पाळणेवाल्याचं उलटं. जागा देवाची, गिऱ्हाईक देवाने आणलेलं, चार दिवस धंदा करायचा आणि सामान ट्रकवर टाकून पुढच्या गावी. त्याला रिकामा मंगळवार परवडतो, कारण त्या मंगळवारी तो रस्त्यावर असतो. फेरिसचं चाक तेरा वर्षांत भंगारात गेलं, एस्सेलवर्ल्ड तेहतीस वर्षं चाललं, आणि रहाटपाळणा निदान चारशे वर्षं फिरतोय.

२०२२ च्या डिसेंबरातच आपल्या जिल्ह्यात केस्लापूरला नागोबाचं नवं दगडी देऊळ उभं राहिलं, मेश्राम घराण्याच्या गोंड मंडळींनी स्वतः वर्गणी काढून. पौष अमावास्येला तिथे जत्रा भरतेच, आणि देवळापासून थोड्या अंतरावर पाळणेही लागतात. आता लोखंडी, रंगीत दिव्यांचे. म्हणून मला एस्सेलवर्ल्डचं फार सुतक नाही. वाईट वाटतं ते एवढंच की ते बाकडं आता बघायला मिळणार नाही.

शेवटी एक विनंती. पहिल्या फोटोत, विमानाच्या कापडाच्या कडेला, बाबांच्या मागे एक माणूस उभा आहे. डोक्याला पटका, हातात कंदील. बाबांचा हात त्याच्या खांद्यावर आहे, म्हणजे ओळखीचाच, कदाचित आमच्याच गाडीत आलेला. मायला विचारायचं राहून गेलं. आता भीमपुरात, तांशीत, कुठेच ते सांगणारं कोणी उरलं नाही. फोटो राहिला, नाव गेलं. बाबांच्या हिशेबात ही एक चूक राहून गेली.

तेव्हा मंडळी, आज रात्री आपापले डबे उघडा. फोटोच्या मागे पेन्सिलीने साल, गाव आणि नावं लिहा. शाईने नको, ती पुढे उमटते. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा. आणि त्या कंदीलवाल्याला कोणी ओळखलं तर मला अवश्य कळवा.