माईनमूळ ते फोर्स्कोलिन

पेशीतले सायक्लिक एएमपी वाढवायचे असेल, तर जगभरच्या प्रयोगशाळांत हात जातो फोर्स्कोलिनच्या कुपीकडे. हे द्रव्य संशोधनात आले ते मुंबईतून, मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रातून. आणि ज्याचे नाव ते मिरवते, त्या माणसाचा सोबती दोनशे वर्षांपूर्वीच मुंबईत राहून गेला होता! हा धागा हाती लागल्यापासून मला राहवत नाही.

पेटर फॉर्सकॉल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने धाडलेल्या अरबस्तान मोहिमेत तो वनस्पती गोळा करत हिंडला आणि जुलै १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने गेला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. उरलेले सोबती जहाजाने मुंबईकडे निघाले. दोघे वाटेतच दगावले, डॉक्टर क्रामर मुंबईत. वाचला एकटा कार्स्टेन नीबूर. त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली आणि १७७५ मध्ये मित्राची वनस्पतींची टिपणे छापून आणली. त्यांतली काही तरी त्याच्या सामानातून मुंबईवरून गेली असणार, असा माझा कयास आहे. पुढे तुळशीच्या कुळातल्या एका रोपाला नाव मिळाले कोलियस फोर्स्कोली. आपले माईनमूळ, गुजरातेत ज्याच्या मुळांचे लोणचे घालतात ते गरमर, ते हेच. आज वनस्पतिशास्त्रज्ञ या रोपाला बार्बेटस म्हणतात. फॉर्सकॉल उरला तो रसायनात.

नावाचा खरा वाद मात्र पुढचा. १९७७ मध्ये मुलुंडच्या सुजाता भट, डिसूझा आणि सहकाऱ्यांनी या मुळांतल्या फोर्स्कोलिनची रचना प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही त्याच रोपातून रक्तदाब उतरवणारे ‘कोलिओनॉल’ काढले. दोन्ही रेणू वेगळे मानले गेले. ते एकच आहेत हे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. मग मुंबईचे नाव का टिकले? मुलुंडची रचना बिनचूक होती म्हणून, असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. नावाचा निकाल लागला १९८१ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवून दिले की हा रेणू सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या अॅडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चेतवतो. एरवी संप्रेरकाला आधी ग्राही गाठावा लागतो, मग जी-प्रथिन हलते, तेव्हा विकर जागे होते. फोर्स्कोलिनला ही मधली दारे ठोठावावी लागत नाहीत. असे हत्यार हाती आल्यावर कोण कोलिओनॉल म्हणत बसणार?

पुढे या विकरालाच पेशीपटलातून वेगळे काढायचे ठरले, तेव्हा गळ म्हणून फोर्स्कोलिनच वापरले गेले. ते रेझिनच्या कणांना जोडून प्फॉयफर यांनी १९८५ मध्ये विकर शुद्ध केले. १९८९ मध्ये त्याचे जनुक हाती लागले. १९९७ च्या स्फटिकचित्रात तर माईनमुळातला हा रेणू विकराच्या दोन भागांमधल्या खोबणीत बसलेला सरळ दिसतो.