वसईची मोहीम (1737-39): 'का?' सोबत 'तेव्हाच का?' हेही विचारा

मित्रांनो, नेट-सेटच्या तयारीत "वसई, 1739, चिमाजी अप्पा" एवढं पाठ करून आपण पुढे जातो. पण संशोधनाकडे वळायचं असेल तर इथे जरा थांबा. पोर्तुगालची ही वसाहत दोनशे वर्षं टिकली आणि दोनेक वर्षांच्या युद्धात गेली. असं काय बदललं?

पार्श्वभूमी

1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दमणपासून चौलपर्यंतची त्यांची ठाणी मिळून 'उत्तर प्रांत' झाला. वसई ही त्याची राजधानी.

कारणं

उत्तरपत्रिकेत पहिलं कारण लिहिलं जातं ते धार्मिक छळाचं. ते खरंच आहे. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होतं, हिंदूंच्या धर्माचरणावर निर्बंध होते. गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या स्थानिक मंडळींनी म्हणूनच पेशव्यांकडे दाद मागितली. पण मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे एक शंका येते. प्रयोगात जी गोष्ट कायम असते, तिच्या एकटीवरून बदल समजावता येत नाही. छळ तर 1600 मध्येही होता. मग युद्ध 1737 मध्येच का?

म्हणून बदललेल्या गोष्टी शोधायच्या. एक, कल्याण प्रांत मराठ्यांकडे आला आणि दोन्ही सत्ता खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आल्या. दोन, संभाजी आणि मानाजी या आंग्रे बंधूंच्या भांडणात पोर्तुगीज आणि पेशवे दोघेही ओढले गेले. तीन, 1736 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीशी तह झाला आणि कोकणातलं मराठी सैन्य मोकळं झालं. चार, पोर्तुगीजांनी ठाण्याला नवा किल्ला बांधायला घेतला होता. तो पुरा झाला असता तर साष्टीत शिरणं फार अवघड झालं असतं. म्हणजे थांबण्यात तोटा होता.

युद्ध कसं झालं

1737 च्या चैत्रात मराठ्यांनी अर्धवट बांधलेला ठाण्याचा किल्ला घेतला. त्याच वर्षी वसईवरचा हल्ला मात्र फसला. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जमिनीची वाट फक्त उत्तरेकडून. समुद्रातून रसद येत राहिली तर नुसता वेढा घालून उपयोग नव्हता.

डिसेंबर 1738 मध्ये ठाणं परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो मारला गेला. जानेवारी 1739 मध्ये तारापूर पडलं. तिथे बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्याकडच्या साष्टीत घुसले. (लक्षात ठेवा, साष्टी दोन आहेत, एक ठाण्याची आणि एक गोव्याची.) आता गोव्यालाच धोका म्हटल्यावर वसईला कुमक पाठवणार कोण? मुंबईकर इंग्रजही त्यांच्यासाठी युद्धात उतरले नाहीत.

फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. उत्तरेकडच्या बुरुजांखाली सुरुंग खणले गेले. मे महिन्यात ते उडवून मराठे आत घुसले. दोन्हीकडची मनुष्यहानी मोठी होती. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह जाऊ दिलं गेलं, राहणाऱ्या ख्रिश्चनांना धर्मपालनाची मुभा मिळाली. युद्ध फक्त धर्मासाठी होतं असं लिहिण्याआधी या अटी वाचाच.

तारखेचा घोळ

शरणागती कुठे 5 मे, कुठे 16 मे अशी वाचाल. इंग्रज 1752 पर्यंत ज्युलियन पंचांग वापरत, पोर्तुगीज 1582 पासून ग्रेगोरियन. फरक 11 दिवसांचा. दोन्ही तारखा बरोबर आहेत, पण एकाच टिपणात मिसळल्या की घटनांचा क्रम उलटतो आणि मग कारण कुठलं, परिणाम कुठला, तेच कळेनासं होतं.

सरावासाठी एक प्रश्न देतो. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. वसाहतवादाविरुद्धचा राग 1947 मध्येही होताच. मग 1961 च का? आधी बदललेल्या गोष्टींची यादी करा, उत्तर नंतर लिहा.