पोपटाच्या तपासणीत गुंगीचे औषध: कधी लागते, धोका किती, तयारी कशी करावी?

पोपटाची नखे वाढली, चोच वेडीवाकडी झाली किंवा पक्षी दोन दिवस गप्प बसला म्हणून तुम्ही त्याला पशुवैद्यकाकडे नेता. डॉक्टर म्हणतात, ‘याला थोडी गुंगी देऊन तपासावे लागेल.’ एवढासा जीव, पुन्हा नीट जागा होईल ना, ही शंका अशा वेळी मनात येणे स्वाभाविक आहे. बजरीगर (बजी), कॉकाटील, लव्हबर्ड, कोन्युअर, आफ्रिकन ग्रे किंवा मकाव पाळणाऱ्या कुटुंबांना संमती देण्यापूर्वी जी माहिती हवी, ती या लेखात दिली आहे.

गुंगी आणि भूल यांत फरक काय?

गुंगीच्या औषधाने पक्षी शांत आणि सुस्त होतो. तो जागा असतो, स्वतः श्वास घेतो, बहुतेक वेळा पायांवर उभाही राहू शकतो, पण त्याची भीती आणि धडपड कमी होते. भुलीत पक्षी पूर्ण बेशुद्ध होतो आणि त्याला वेदना जाणवत नाहीत. शस्त्रक्रियेला भूल लागते. नुसत्या तपासणीला अनेकदा गुंगी पुरते. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘गुंगी देणार आहात की भूल?’ दोन्हींची तयारी आणि दोन्हींचा धोका सारखा नसतो.

नुसते हातात धरून का तपासत नाहीत?

निरोगी, माणसाळलेल्या पोपटाची साधी तपासणी टॉवेलमध्ये धरून दोन-तीन मिनिटांत होते. तिथे औषधाची गरज नसते. पण पक्ष्याला धरून ठेवण्यातही धोका असतो आणि तो समजून घ्यायला हवा.

आपल्या छातीत आणि पोटात श्वासाचा पडदा असतो. पक्ष्यांना असा पडदा नसतो. त्यांची फुफ्फुसे फारशी फुगत नाहीत. हवा आत-बाहेर करण्याचे काम शरीरातल्या हवेच्या पिशव्या करतात आणि त्यासाठी छातीचे हाड प्रत्येक श्वासाला पुढे-मागे हलावे लागते. छाती घट्ट आवळली, तर नाक-तोंड मोकळे असूनही पक्षी गुदमरतो. म्हणूनच जाणकार हात पोपटाला डोक्याच्या दोन बाजूंनी आणि पायांपाशी धरतात, छातीवर दाब देत नाहीत.

दुसरी अडचण भीतीची. पोपट हा निसर्गात शिकार होणारा प्राणी आहे. कोणी पकडले की त्याच्या दृष्टीने तो जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. हृदयाचे ठोके आणि श्वास वाढतात, शरीर तापते. पक्ष्याचे नेहमीचे तापमानच साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे आणखी वाढीला जागा कमी उरते. आधीच दम लागलेला, अशक्त पक्षी अशा झटापटीत डॉक्टरांच्या हातातच दगावू शकतो. अशा पक्ष्याला औषध न देणे हा नेहमीच सुरक्षित पर्याय असतो, असे नाही.

गुंगी साधारणपणे केव्हा लागते?

– एक्स-रे काढताना. पंख पसरून काही क्षण अगदी स्थिर राहावे लागते. हलल्यामुळे फोटो पुन्हा काढावा लागला, तर पक्ष्याला पुन्हा धरावे लागते.
– रक्त घेताना, विशेषतः घाबरट पक्ष्यात. रक्त बहुधा मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून घेतात. तिथे हिसका बसला तर रक्तस्राव होऊ शकतो.
– चोच किंवा नखांना जास्त काम असेल तेव्हा.
– जखम, गाठ किंवा अडकलेले अंडे तपासताना.
– मोठ्या, चावणाऱ्या पोपटाच्या बाबतीत. मकावच्या चोचीने बोटाला गंभीर इजा होऊ शकते.

वजन करणे, विष्ठा तपासणे, पक्षी पिंजऱ्यात कसा बसतो आणि कसा श्वास घेतो हे पाहणे, यासाठी गुंगी लागत नाही. चांगले डॉक्टर पक्ष्याला हात लावण्याआधी काही मिनिटे लांबूनच त्याचे निरीक्षण करतात. ते वेळ घालवत आहेत असे समजू नका, तो तपासणीचाच भाग आहे.

कोणती औषधे वापरतात?

मिडॅझोलाम: याचे थेंब पोपटाच्या नाकपुड्यांत सोडतात किंवा स्नायूत इंजेक्शन देतात. नाकातून दिल्यावर काही मिनिटांतच परिणाम दिसतो. हिस्पॅनिओलन ॲमेझॉन जातीच्या पोपटांवर झालेल्या अभ्यासात, हे औषध नाकातून दिल्यावर धरून ठेवलेल्या पक्ष्यांची धडपड आणि ओरडणे कमी झाल्याचे दिसले. या औषधावर फ्लुमॅझेनिल हा उतारा आहे. काम संपल्यावर तो देऊन पक्ष्याला लवकर जागे करता येते.

ब्युटॉर्फॅनॉल: हे वेदनाशामक आहे. दुखणे असेल किंवा जास्त शांत करायचे असेल, तर मिडॅझोलामच्या जोडीला देतात.

आयसोफ्ल्युरेन किंवा सेव्होफ्ल्युरेन: हे भुलीचे वायू आहेत. ऑक्सिजनबरोबर मास्कमधून देतात. पक्षी लवकर बेशुद्ध होतो आणि वायू बंद केल्यावर लवकर शुद्धीवर येतो. यासाठी वायू मोजून देणारे यंत्र लागते आणि ते प्रत्येक दवाखान्यात नसते.

केटामाइन: वायूचे यंत्र नसेल तिथे याचे इंजेक्शन वापरले जाते. एकटे दिल्यास पक्षी शुद्धीवर येताना जोरात फडफडू शकतो आणि त्याला वेळही जास्त लागतो. तुमच्या दवाखान्यात फक्त हाच पर्याय असेल आणि काम तातडीचे नसेल, तर दुसरीकडे दाखवता येईल का, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

धोका किती असतो?

धोका असतो, आणि तो कुत्र्या-मांजरांपेक्षा जास्त असतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गुंगी किंवा भूल दिल्यापासून ४८ तासांच्या आत त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंची नोंद केली होती. कुत्र्यांत हे प्रमाण ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, पोपटांत सुमारे ४ टक्के, तर बजींमध्ये सुमारे १६ टक्के आढळले.

हे आकडे वाचून घाबरण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. त्यात आजारी पक्षीही होते आणि बजींची संख्या थोडी होती. शिवाय गुंगी आणि पूर्ण भूल यांची गणती एकत्र आहे. त्यामुळे निरोगी पोपटाला एक्स-रेसाठी दिलेल्या हलक्या गुंगीचा धोका नेमका तेवढाच, असा अर्थ काढता येत नाही. पण पक्षी जितका लहान आणि जितका आजारी, तितका धोका जास्त, हे मात्र खरे.

पुढील परिस्थितीत धोका वाढतो:
– श्वासाला त्रास, शेपूट प्रत्येक श्वासाला वर-खाली हलणे.
– खूप कमी वजन किंवा लठ्ठपणा. वर्षानुवर्षे फक्त सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या पोपटांच्या यकृतात चरबी साठते.
– आफ्रिकन ग्रेमध्ये रक्तातले कॅल्शियम कमी असणे. या जातीत त्यामुळे झटके येतात.
– शरीरातले पाणी कमी होणे, रक्तस्राव, कित्येक दिवसांची उपासमार.

पक्षी फार अशक्त असेल, तर डॉक्टर आधी ऊब, ऑक्सिजन आणि सलाइन देऊन तपासणी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी करू शकतात. हा टाळाटाळीचा प्रकार नव्हे. आधी पक्ष्याला सावरणे आणि मग रोग शोधणे, हाच क्रम अशा वेळी योग्य असतो.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

१. ही तपासणी आजच करणे गरजेचे आहे का? तिने उपचारात काय बदल होईल?
२. कोणते औषध देणार? त्यावर उतारा आहे का?
३. गुंगीत श्वास, हृदयाचे ठोके आणि तापमान यांवर कोण लक्ष ठेवणार?
४. ऑक्सिजन आणि ऊब देण्याची सोय आहे का?
५. एकाच गुंगीत एक्स-रे, रक्त आणि नखे अशी सगळी कामे उरकता येतील का?
६. किती रक्त घेणार? निरोगी पक्ष्यातून साधारणपणे वजनाच्या १ टक्क्यापर्यंत रक्त घेता येते. १०० ग्रॅमच्या कॉकाटीलमध्ये ते सुमारे १ मिलिलिटर होते, तर ३५ ग्रॅमच्या बजीमध्ये जेमतेम ०.३ मिलिलिटर. आजारी पक्ष्यातून त्याहून कमी घेतात.

आणि तुम्ही डॉक्टरांना हे न विसरता सांगा: पक्ष्याचे वय, रोजचा आहार, सध्याची औषधे, आधी कधी गुंगी दिली होती का, अंडी घालते आहे का, आणि शेवटचे कधी खाल्ले. घरात कोणाला ताप, कोरडा खोकला किंवा न्यूमोनिया झाला असेल, तर तेही सांगा. पोपटांकडून माणसांना सिटॅकोसिस हा जंतुसंसर्ग होऊ शकतो. तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांनाही घरात पोपट असल्याचे सांगा, म्हणजे योग्य तपासणी होईल.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

उपाशी ठेवायचे का? आपल्या शस्त्रक्रियेआधी आपण रात्रभर उपाशी राहतो, म्हणून अनेक जण पोपटालाही तसेच ठेवतात. हे करू नका. लहान पक्ष्यांच्या शरीरात साखरेचा साठा फार कमी असतो, जास्त वेळ उपाशी राहिले तर ते कोसळतात. दुसरीकडे, गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली असेल, तर गुंगीत अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून वेळ मोजूनच ठरवावी लागते. मोठ्या पोपटांना साधारण २ ते ४ तास आणि बजीसारख्या लहान पक्ष्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. तुमच्या पक्ष्यासाठी नेमका वेळ डॉक्टरांनाच विचारा. पाणी काढून घ्यायचे का, हेही विचारा.

कसे न्यावे? मोठा पिंजरा नेऊ नका. लहान, बंद, हवेशीर कॅरिअर घ्या. तळाला कागद घाला, म्हणजे ताजी विष्ठा डॉक्टरांना पाहता येईल. वरून पातळ कापड टाका. उन्हात उभ्या गाडीत पक्ष्याला क्षणभरही एकटे ठेवू नका. दवाखान्यात कुत्री-मांजरे असतील, तर कॅरिअर जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवा. पक्ष्याचे आवडते खाणे सोबत असू द्या, जागे झाल्यावर उपयोगी पडते.

घरी आणल्यावर

पक्षी पूर्ण जागा होऊन दांडीवर तोल सांभाळू लागल्यावरच घरी न्या. त्यानंतर:
– शांत, मंद उजेडाच्या, उबदार खोलीत ठेवा. थेट पंखा किंवा एसी नको.
– पहिली रात्र दांडी अगदी खाली लावा आणि तळाला मऊ टॉवेल पसरा.
– पूर्ण सावध झाल्यावर खाणे-पाणी द्या. चमच्याने किंवा ड्रॉपरने जबरदस्तीने काही भरवू नका.
– इतर पक्ष्यांपासून एक दिवस वेगळे ठेवा, पण त्यांचा आवाज ऐकू येईल इतके जवळ असू द्या.
– दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करा आणि विष्ठा पाहा.

ताबडतोब डॉक्टरांशी संपर्क साधा, जर:
– चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल किंवा शेपूट सतत हलत असेल
– पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसला असेल
– डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतरही गुंगी उतरत नसेल
– जागा झाल्यावर काही तासांत काहीच खाल्ले नसेल किंवा विष्ठा झाली नसेल
– झटके येत असतील, उलटी होत असेल किंवा रक्त येत असेल

पोपट आजार लपवतात. लक्षण डोळ्यांना दिसते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. त्यामुळे ‘सकाळी बघू’ म्हणून थांबू नका.

घरच्या घरी गुंगी देऊ नका

नखे कापताना त्रास देतो म्हणून घरातली झोपेची गोळी, ॲलर्जीची गोळी किंवा दारूचे थेंब देणारे लोक आहेत. हे जीवघेणे ठरू शकते. फिट येणाऱ्या माणसांसाठी मिळणारा मिडॅझोलामचा नाकातला फवाराही पोपटाला वापरू नका. ३५ ग्रॅमच्या बजीला लागणारी मात्रा एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, ती अंदाजाने देता येत नाही. फार घाबरणाऱ्या पक्ष्यासाठी काही डॉक्टर घरून निघण्यापूर्वी तोंडाने द्यायचे सौम्य औषध लिहून देतात. ते त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या.

पुढच्या वेळी गुंगी टाळता येईल का?

अनेकदा येते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा सकाळी, खाण्यापूर्वी वजन करा आणि वहीत लिहा. पाच-दहा ग्रॅमची घट दिसायला क्षुल्लक वाटते, पण १०० ग्रॅमच्या कॉकाटीलमध्ये १० ग्रॅम म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा. अशी घट वेळीच लक्षात आली, तर पक्षी धडधाकट असतानाच तपासणी होते. कॅरिअर घरात उघडा ठेवून त्यात खाऊ द्या, म्हणजे त्याची भीती जाईल. टॉवेलची सवयही खाऊ देत, रोज थोडी थोडी लावा. पायांना आणि पंखांना हात लावू देणारा पोपट दवाखान्यात फार कमी धडपडतो.

घरातला पोपट देशी असेल तर

गळ्याभोवती कंठ असलेला आपला हिरवा पोपट आणि इतर देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. असा पक्षी जखमी सापडला, तर घरी उपचार करत बसू नका. उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवून महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या पक्ष्याला गुंगी द्यावी की नाही, याचा निर्णय त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या पशुवैद्यकाशी बोलूनच घ्या.