क्रॉफर्ड प्रकरण आणि ‘केसरी’

रत्नागिरीस १८५६ सालीं जन्मलेल्या बळवंतराव टिळकांच्या वृत्तपत्री कारकीर्दीच्या आरंभींच एक मोठी फसगत आहे. कोल्हापूरचे छत्रपति शिवाजीराव यांच्या छळाबद्दल ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. हे आरोप ज्या पत्रांवर आधारले होते तीं बनावट ठरलीं, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. कळकळ खरी होती. कागद मात्र खोटे होते.

सहा वर्षांनीं क्रॉफर्ड प्रकरण उद्भवलें. मुंबईची एक मंडई ज्यांच्या नांवानें प्रसिद्धीस आली, तेच हे आर्थर क्रॉफर्ड. १८८८ सालीं ते पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर होते. बदलीबढतीसाठीं मामलेदारांना पैसे मोजावे लागतात, ही कुजबुज पुष्कळांच्या कानीं होती. पण लांच देणाराही कायद्यानें गुन्हेगारच. मग साक्ष द्यावी कोणीं? गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारनें अभयवचन दिलें, तेव्हां कोठें मामलेदारांचीं तोंडें उघडलीं. साहेबांचे हस्तक हणमंतराव जहागीरदार यांस शिक्षा झाली. चौकशी कमिशननें खुद्द क्रॉफर्ड यांना लांचाच्या आरोपांतून मोकळें केलें. परंतु हाताखालच्या मुलखांत कर्जें काढल्याबद्दल त्यांची नोकरी गेली.

येथपर्यंत सरळ होतें. पुढें गिल्ला झाला तो मामलेदारांवर. लांच दिल्याचें कबूल करणारांनीं न्यायासनावर बसावें कसें, असें इंग्रजी पत्रें व पार्लमेंटांतील सभासद विचारूं लागले. आक्षेप पोकळ नव्हता. त्या मंडळींत सारेच कांहीं धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण ‘केसरी’नें नेमकें बोट ठेवलें तें सरकारच्या शब्दावर. जो शब्द देऊन साक्ष काढली, तोच फिरवला तर यापुढें वरिष्ठाविरुद्ध कोण बोलेल? या वेळीं आधार कोणा अज्ञाताच्या पत्राचा नव्हता. सरकारचें वचन व कमिशनपुढील जबान्या जगजाहीर होत्या.

१८८९ च्या सप्टेंबरांत टिळकांनीं पुण्यास जाहीर सभा भरविली. विलायतेंत विल्यम डिग्बी व चार्लस ब्रॅडलॉ यांच्याकडे त्यांनीं संधान बांधलें. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. फिर्यादींचें भय त्यानें टळलें. तरीहि आपखुशीनें पैसे चारल्याचें ज्यांच्यावर शाबीत धरलें गेलें, त्या मामलेदारांना खुर्ची सोडावीच लागली.