गिरण्यांचा कायापालट आणि कामकरी स्त्रिया

लालबाग-परळच्या गिरण्यांचा इतिहास सांगतांना भोंगा, साचा आणि संप हे तीन शब्द हटकून येतात. बायकांचा उल्लेख मात्र बहुधा मिरवणुकीपुरता होतो. वस्तुतः 1920 नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकीं सुमारें एकपंचमांश स्त्रिया होत्या. गिरण्यांची जुनी घडी मोडून नवी बसविण्यांत आली तेव्हां त्यांचें काय झालें, तें आज पाहूं.

या स्त्रिया मुख्यत्वें दोन खात्यांत असत. वाइंडिंगमध्यें त्या सूत गुंडाळीत, रीळिंगमध्यें सुताच्या लडी करीत. मजुरी कामाच्या वजनावर, आणि वर देखरेखीला नायकीण. लडींचें सूत एके काळीं चीनला फार जाई. पुढें चीननें स्वतःच्या गिरण्या काढल्या, जपान स्पर्धेंत उतरला, आणि येथील गिरण्या आपलें सूत आपल्याच साच्यांवर विणूं लागल्या. मग लडी हव्यात कोणाला? रीळिंग खातें ओसरूं लागलें, तें कोणा बाईचा हात मंदावला म्हणून नव्हे. वाइंडिंगमध्येंही वेगवान यंत्रें आलीं आणि थोड्या हातांत काम भागूं लागलें.

याच सुमारास मालकांनीं काटकसरीची योजना काढली : दोन साच्यांच्या जागीं विणकरानें तीन सांभाळावे, त्रासन खात्यांत एका बाजूऐवजीं दोन पाहाव्या. त्यावरून 1928 च्या एप्रिलपासून सहा महिने संप झाला. बायका त्यांत पुरुषांच्या बरोबरीनें उतरल्या, आणि खानावळवाल्यांनीं संपकऱ्यांना उधारीवर जेवूं घातलें. पुढें न्यायमूर्ति फॉसेट यांची समिति बसली. परंतु वादाचा सारा भर साच्यांवर आणि त्रासनवर. ज्यांचें खातेंच बुडत होतें त्यांना विचारणार कोण? उषाताई डांगे यांनीं नंतर गिरणींतल्या बायकांना संघटित केलें, हा त्यांतला मोठा अपवाद.

आतां कायद्याकडे वळूं. प्रसूतीच्या रजेचें बिल मुंबईच्या कौन्सिलांत रा. आसवले यांनीं आणलें. 1928 च्या जुलैंत डॉ. आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा दिला. मात्र हा भार बराचसा सरकारनें उचलावा, हें त्यांना मान्य होतें. 1929 सालीं कायदा झाला तो सारा भार मालकावर टाकून : रोजचे आठ आणे, सात आठवडेपर्यंत. मग बाई कामावर घेणें महाग, असा हिशेब सुरू झाला. 1934 च्या फॅक्टरी कायद्यानें स्त्रियांचें काम सकाळीं सहा ते सायंकाळीं सात या वेळेंत बांधलें, आणि त्याच वर्षांत गिरण्यांत दुसरी पाळी रुळत होती. त्या पाळीला बाई चालेना. दोन्ही कायदे हेतूनें चांगले होते, हें मी निःसंकोच म्हणेन. दोष असलाच तर तो खर्च एकट्या मालकाच्या वहींत घालणाऱ्यांचा, आणि ती सबब झेलणाऱ्या मालकांचा.

स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांतच मुंबईच्या गिरण्यांत स्त्रियांचें प्रमाण दशांशाच्याही खालीं आलें. पुरुष कामगार मागत, "घरचा कर्ता मी, माझा पगार पुरेसा हवा," आणि संघांनाही तें पटे. काढलेल्या बायकांपैकीं कोणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कोणी चाळींतल्या खोलींत चार माणसें जेवायला ठेवलीं.