जलशाचा खर्च कोणी सोसला?



आंबेडकरी जलशाने समाज जागा केला, हे आपण दरवर्षी १४ एप्रिलला भाषणात ऐकतो. पण जलसा चालायचा कसा, पैसा कुठून यायचा, हे कोणी सांगत नाही. तो इतिहासही आपलाच आहे.

त्याआधी तमाशा होता. फडांत नाचणारे, गाणारे, ढोलकी वाजवणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजाचे. कला आपली, हसणे पाटलाचे, आणि बाईवर दौलतजादा उधळायची. पठ्ठे बापूराव हे जातीने ब्राह्मण, आणि त्यांच्या फडातली पवळा महार समाजाची. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी खेळांचे उत्पन्न देऊ केले, पण बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. आपल्या समाजाच्या बाईला नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, हे त्यामागचे कारण. चळवळीला तेव्हा पैशांची चणचण होती, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराचे मोल कळते.

सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ची. त्याच्या जलशांनी तमाशाचा साचा घेऊन आत नवा विचार भरला. तीच वाट आंबेडकरी जलशाने धरली. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, त्या सुमाराच्या वर्षांत भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी नाशिक जिल्ह्यात जलसा घेऊन फिरू लागले. कर्डकांनी पुढे १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले म्हणून आपल्याला एवढे तरी ठाऊक आहे.

जलशाला लागायचे काय? ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज. पडदा नाही, भारी कपडे नाहीत, नाची नाही. वस्तीतला चौक हेच थिएटर. कलावंत म्हणजे मजूर, गिरणी कामगार. दिवसा पोटाची कामे, रात्री जलसा. जेवण वस्तीत व्हायचे, घराघरातून भाकरी गोळा करून. सावकाराचे कर्ज नाही, कंत्राटदार नाही, त्यामुळे काय बोलावे हे कोणी सांगू शकत नव्हते. माझ्या मते जलशाची खरी ताकद इथे होती.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. रात्रभर जागलेल्या माणसाचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडाला तर तो कोण भरून देणार? घरची चूल बाईनेच पेटती ठेवली, आणि जलशात मात्र तिचे सोंगही पुरुषानेच घेतले. नाचीचा अपमान थांबला हे खरेच, पण बाईला मान देऊन मंचावर आणायला आपल्याला फार वेळ लागला. जलशाच्या इतिहासात त्या घरधनिणींची नावे सापडत नाहीत.

वामनदादा कर्डकांनी १९४३ पासून गाणी लिहिली ती २००४ साली निधन होईपर्यंत. हजारो गाणी! गावोगाव फिरले, लोकांच्या घरी राहिले. पुढे कॅसेटा आल्या, भीमगीते घराघरात वाजू लागली. गाणारा माहीत असतो, लिहिणारा पुष्कळदा नाही. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव घालतो ना, ती हौस नव्हे, तीच त्याची मालकीची सही.

आज जयंतीला साऊंडवाल्याचा आकडा आधी ठरतो, शाहिराला मात्र शाल आणि हार. “आपलाच माणूस आहे, समजून घेईल!” असे म्हणताना त्याच्या ढोलकीवाल्याला किती पोचले हे आपण विचारतो का? आपल्या विहारात मंडप, लाइट यांच्याबरोबर कलावंतांचे मानधनही वर्गणीच्या वेळीच लिहायला हवे, साथीदार आणि गायिका यांच्यासकट, आणि जाण्यायेण्याचे भाडे वेगळे.

अजून एक. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन आहे, पण त्यासाठी कार्यक्रम केल्याचे पुरावे लागतात, आणि चौकात गाणाऱ्याकडे कागद कुठून असणार? विहाराच्या वहीत तारीख, नाव, दिलेली रक्कम लिहून सही घेतली आणि शिक्क्याचा दाखला त्याच रात्री हातात दिला, तर तो अर्जाला जोडता येईल.